अमेरिकेचे नऊ तुकडे आणि एक गायरान

माझ्या आत्याच्या यजमानांइतका निःस्वार्थी माणूस या पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. त्यांनी एकट्याने, कुणी सांगितलं नसताना, घरात बसून अमेरिकेचे नऊ देश केले आणि त्यातला एकही स्वतःकडे ठेवला नाही. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणतो. जगाच्या लेखी ते मोजणी खात्यातले निवृत्त भूकरमापक. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी भूम, परंडा, कळंब अशा तालुक्यांत लोकांची शेतं मोजण्यात घालवली, आणि आता ईटच्या पुढे एका गावात राहतात. गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथे मला अजून जेवायला जायचं आहे, आणि तिथे कोण कुणाच्या पंगतीला बसतं यावर गेलं वर्षभर सगळ्या गावाचे डोळे लागलेले आहेत.

मामांचं तत्त्वज्ञान बांधावर जन्मलं. एका वीतभर जमिनीसाठी दोन सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे राहिलेले त्यांनी पाहिले होते. मोजणी झाली, हद्दीचा दगड रोवला, आणि दुपारी तेच दोघे त्याच दगडाला टेकून एकमेकांच्या चंचीतली तंबाखू खात बसलेलेही त्यांनी पाहिले होते. तेव्हापासून त्यांची खात्री झाली की माणसांचं भांडण मनाचं नसतं, मापाचं असतं. "माणूस वाईट न्हाय रे," ते मला सांगत, "सामाईक वाईट. सामाईक तेवढं काढून टाका, माणूस आपोआप गोड हुतो." हे वाक्य त्यांनी लग्नात, बारशात आणि एकदा तर तेराव्याला, मयताची मुलं समोर बसलेली असताना म्हटलं आहे.

घरातही त्यांनी हा प्रयोग करून पाहिला. एकदा आत्याचं आणि त्यांचं कशावरून तरी बिनसलं. मामांनी शांतपणे खडू घेतला, पडवीपासून मागच्या दारापर्यंत सरळ रेघ मारली आणि जाहीर केलं, "ही तुमची हद्द, ही माझी. आता भांडायचं कारणच उरलं न्हाय." आत्याने मान डोलावली. थोड्या वेळाने मामांच्या लक्षात आलं की स्वयंपाकघर, पाण्याचा माठ आणि न्हाणी, तिन्ही आत्याच्या बाजूला गेलेली आहेत आणि आपल्याकडे देवघर आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आहे. त्यांनी वहिवाटीचा हक्क मागितला. आत्या म्हणाली, "अर्ज करा, तीन म्हैन्यांनी बघू." दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ पुसलेली होती, आणि ती कुणी पुसली याबद्दल त्या घरात आजवर चर्चा झालेली नाही.

निवृत्तीनंतर मोजायला शेत उरलं नाही, तेव्हा मामांची नजर अमेरिकेवर गेली. टीव्हीवर तिथल्या निवडणुका बघता बघता ते अस्वस्थ होऊन उठायचे. निम्मा देश एका बाजूला, निम्मा दुसऱ्या बाजूला, जेवायला एकत्र बसत नाहीत, एकमेकांच्या पोरी करत नाहीत, आणि तरी सातबारा एकच! "आरं, ह्यांला कुणी मोजणीवाला भेटला न्हाय का?" ते टीव्हीला विचारायचे. मी धाराशिवला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. माझ्याकडचा नकाशासंग्रह त्यांनी चार दिवसांसाठी म्हणून नेला, त्याला आता सहा वर्षं झाली. ट्रेसिंग पेपर लावून, तांबड्या-निळ्या पेन्सिलींनी त्यांनी त्या देशाचे आधी पाच, मग सात आणि शेवटी नऊ देश केले. एकालाही वाटेविना ठेवलं नाही हे विशेष. मधल्या ज्या देशाला समुद्र नव्हता, त्याला शेजाऱ्याच्या हद्दीतून समुद्रापर्यंत एक पट्टी काढून दिली. ती केवढी रुंद, असं मी विचारलं, तर म्हणाले, "समोरून उसाची ट्रॉली आली तर आपला ट्रॅक्टर बाजूला घेता आला पायजे, एवढी."

एवढ्यावर ते थांबले नाहीत. मुंबईच्या वकिलातीला त्यांनी रीतसर मोजणीचा अर्ज पाठवला. अर्जदार म्हणून 'त्रयस्थ हितचिंतक'. लगतचे खातेदार म्हणून कॅनडा, मेक्सिको आणि दोन समुद्र. मोजणीच्या आधी लगतच्यांना नोटीस द्यावी लागते, तेव्हा समुद्राला ती कशी बजावायची याचाही त्यांनी विचार केला होता. किनाऱ्यावरच्या एखाद्या ठळक झाडाला चिकटवावी, असं त्यांनी सुचवलं होतं. उत्तर आलं नाही. "आवक बारनिशीत, टपालाच्या वहीत पडून असंल," मामा म्हणाले. सरकारी खात्याबद्दल त्यांना कधीच राग नसे.

हा सगळा विचार ते रोज सकाळी गावातल्या स्टँडवरच्या हॉटेलात मांडत, आणि समोर ऐकायला लिंबाजीकाका असत. लिंबाजीकाका म्हणजे मामांचे साखळीवाले. मोजणीच्या साखळीचं एक टोक आयुष्यभर मामांच्या हाताशी आणि दुसरं यांच्या हातात. दोघांनी एका डब्यातली भाकरी खाल्ली, एका झाडाखाली दुपारी काढल्या, एकाच विंचवाने दोघांना ओळीने चावलं. निवृत्तही दोघे एकाच वर्षी झाले. तरी लिंबाजीकाका त्यांना 'साहेब' म्हणायचे ते म्हणायचेच. गावाची वस्ती ओढ्याच्या अलीकडे, वाडी पलीकडे, आणि त्या दोहोंच्या मध्ये उतारावर, गायरानात, बौद्धांची चौतीस घरं. त्यातलं एक लिंबाजीकाकांचं.

नऊ देशांच्या नकाशावर त्यांनी एकदाच शंका काढली होती. ती मला आठवते, कारण त्या वेळी मी तिथे होतो आणि हसलो होतो. "साहेब," ते म्हणाले, "ह्यो समदा देश तुमी तांबडा केला. ह्यात निळी मान्सं न्हाईत का?"

"हायत की. थोडी."

"त्यांचं काय?"

"त्यांनी निळ्यात जावं."

"आन घर?"

मामांनी चहा संपवला. "पाच-धा टक्के इकडं-तिकडं हुतंच, लिंबाजी. मोजणीत बी हुतं."

लिंबाजीकाका बशी पुसत म्हणाले, "मोजणीत ते बांधाखाली जातंय, साहेब. वाटण्या वाढल्या की बांध वाढत्यात. बांधाखालची जमीन कुणालाच पिकत न्हाय." यावर मामांनी "तू कामून दर येळी बांधावर येतूस?" असं म्हणून विषय बदलला.

मग कुणीतरी बाकावरून विचारलं, आपल्या देशाचं काय? मामा एकदम गंभीर झाले. आपल्याला ते लागू नाही, असं त्यांचं मत होतं, आणि त्याचं कारणही त्यांनी ठरवून ठेवलेलं होतं. "ज्या घरात आरडाओरडा हाय, ते घर अजून एक हाय. आपल्यात लई आरडाओरडा हाय. ज्या दिवशी आरडाओरडा थांबंल आन अबोला सुरू हुईल, त्या दिवशी वाटणी करावी. अबोला झाल्यावर एकत्र ऱ्हाणं म्हंजे निसतं एकमेकाच्या मरणाची वाट बघणं." मला तो नियम तेव्हा फार पटला होता. आता तो कुणी काढला की मी विषय बदलतो.

कारण गावात अबोला सुरू झाला होता. वाडीची तक्रार खोटी नव्हती, हे आधी सांगितलं पाहिजे. टाकी गावात, त्यामुळे गावाला पाणी एक दिवसाआड आणि वाडीला पाचव्या दिवशी. रस्त्याचा मुरूम ओढ्यापर्यंत येऊन संपायचा. वाडीने स्वतंत्र ग्रामपंचायत मागितली, तेव्हा गाव म्हणालं, "बघा म्हणावं मागून." वर मोठ्या राजकारणात ज्या दोन बाजू आहेत, त्याच खालीही आल्या, गावाने एक झेंडा धरला म्हणून वाडीने दुसरा धरला. पिठाच्या गिरण्या दोन झाल्या. बायकांच्या भजनी मंडळाची पेटी गावात आणि तबला वाडीत अडकला, आणि आत्या सांगते की त्या वर्षी गावात सगळे अभंग तबल्याविना आणि वाडीत सगळे अभंग सुराविना झाले. पहिल्यांदा लोक हसले. मग एका लग्नाच्या वरातीत दगड आला, एकाचं डोकं फुटलं, आणि त्यानंतर हसणं बंद झालं. ओढ्यावरून जाताना माणसं समोरच्याकडे न बघता जायला लागली.

अशा वेळी वाडीचा पुढारी, तिशीतला तडफदार माणूस, मामांच्या दारात आला. ग्रामसभेत विभाजनाचा ठराव मांडायचा होता आणि ठरावाला नकाशा जोडायचा होता. "मामा, तुमच्या रेघंवर कुणी बोट ठेवणार न्हाय," तो म्हणाला. "तुमी काढा. गाव बी मानील, वाडी बी मानील."

मामांना त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला. आयुष्यभर ज्याचा त्यांनी प्रचार केला ते करण्याची विनंती त्यांना पहिल्यांदाच झाली होती. अमेरिकेने दिलं नाही ते वाडीने दिलं. गुडघा सुजलेला होता, म्हणून ते टेबलाशी बसले. गावाचा जुना गट नकाशा काढला. आठ दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. ओढ्याच्या वळणापासून माळावर तीन गावांच्या हद्दी मिळतात त्या तिहेरी दगडापर्यंत त्यांनी तांबडी रेघ मारली, सरळ, एकही वाक न घेता. वळणावळणाची हद्द म्हणजे पुढच्या भांडणाची सोय, असं ते म्हणत. मग तो नकाशा त्यांनी माझ्याकडे धाराशिवला पाठवला, कारण पुढाऱ्याला त्याचा मोठा फ्लेक्स हवा होता.

तो फ्लेक्स मी करून घेतला. दुकानदाराने कोपऱ्यात पुढाऱ्याचा फोटो टाकला, खाली 'शुभेच्छुक' लिहिलं आणि गायरानाला छान पोपटी रंग दिला. मी नीट पाहिला. भूगोलाचा माणूस आहे मी. दिशा, प्रमाण, सूची, सगळं तपासलं. गायरानात मी लहानपणापासून गेलेलो आहे, लिंबाजीकाकांच्या बायकोच्या, सोजरबाईंच्या हातचं माडगं प्यालेलो आहे. तरी मला त्या पोपटी रंगात काही कमी असल्याचं दिसलं नाही. तो फ्लेक्स गुंडाळून, एसटीत मांडीवर आडवा धरून, मी मोठ्या अभिमानाने गावाला नेला.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. डाव्या हाताला गाव बसलं होतं, उजव्या हाताला वाडी, आणि मध्ये चांगली दहा हात जागा मोकळी सोडलेली होती. त्या मोकळ्या जागेच्या मागच्या टोकाला, कुणाच्याच बाजूला नाही अशी, गायरानातली माणसं बसली होती. फाटकाशी पोलिसांची गाडी उभी होती. मामा धोतर-कोट घालून पुढच्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्या मागे दोन खांबांना बांधलेला फ्लेक्स वाऱ्याने फुगत होता. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. गावाच्या बाजूच्या काही तरुणांनी खिशात हात घातलेले होते, आणि ते बाहेर का काढत नाहीत हे मला कळेना.

ग्रामसेवकाने ठराव वाचायला घेतला आणि लिंबाजीकाका उठले. ते मधल्या मोकळ्या जागेतून हळूहळू चालत पुढे आले, फ्लेक्ससमोर उभे राहिले आणि त्यांनी चष्मा पुसला. त्या पटांगणात नकाशा वाचता येणारी माणसं दोनच होती, मामा आणि ते. आम्ही बाकीचे रंग बघत होतो. त्यांनी ओढा पाहिला, पाझर तलाव पाहिला, म्हसोबाचा माळ पाहिला, आणि मग त्यांची नजर एका जागी थांबली ती हलेना.

"साहेब," ते म्हणाले, "आमी कुठं हाव?"

मामा हसले. "कुठं म्हंजे? गट एकशे बारा."

"एकशे बारा तर दिसतूय. हिरवा हाय. गवत दावलंय." ते वळले. "आमी कुठं हाव?"

मामांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, तसंच थिजून राहिलं, आणि ते पाहून मला कळलं की त्यांना कळलं आहे. जुन्या गट नकाशात गायरान मोकळं होतं. तो तयार झाला तेव्हा तिथे घरं नव्हती, आणि घरं झाल्यावर कुणी ती नकाशावर चढवली नाहीत. कागदावर तिथे अजून गुरं चरत होती.

"आन ही रेघ सरळ हाय, साहेब," लिंबाजीकाका म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तुमची रेघ कवाबी सरळच. पर ही माझ्या न्हाणीतून जातीय. माझं घर वाडीत, थोरल्या भावाचं गावात. हापसा वाडीत, विहार गावात. चौतीस घरात आमचा एक मेंबर निवडून येतूय. आता सतरा हिकडं, सतरा तिकडं, म्हंजे कुठंच कुणी न्हाय. आन घरं नियमित करायचा अर्ज ह्या पंचायतीत हाय. चार वर्स झाली, औंदा घरपट्टीच्या नमुना आठला नाव चढंल म्हणत्यात. उद्या दोन पंचायती झाल्या की ही म्हनंल तुमी तिकडचे, ती म्हनंल तुमी हिकडचे. मग आमची घरं कुणाच्या कागदावर? कुणाच्याच कागदावर नसलेलं घर पाडायला किती येळ लागतूय, तुमाला म्हाईत हाय. आपून दोघांनी मोजणीला जाऊन बघितलंय."

वाडीचा पुढारी उभा राहिला. "काका, बसा खाली. दुरुस्ती करता यील नंतर. आधी ठराव हू द्या."

"नंतर म्हंजे कवा?"

"बसा म्हणलं ना!"

गावाच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "कापा की मधूनच! आमाला काय!" आणि त्याबरोबर मधली मोकळी जागा भरली. कोण कुणाकडे धावलं ते मला दिसलं नाही. एक खुर्ची उलटली, बायका पोरं उचलून भिंतीकडे गेल्या, गाडीतून पोलीस उतरले. वस्तीतली माणसं उठून लिंबाजीकाकांभोवती उभी राहिली. ती काही करत नव्हती, नुसती उभी होती, आणि दोन्ही बाजूंनी त्यांच्याकडेच माणसं येत होती. माझे पाय जागचे हलेनात, हे लाज बाजूला ठेवून सांगतो.

"मामा, तुमी सांगा ह्यांला!" पुढारी ओरडला. "सांगा, नक्षा बराबर हाय म्हणून!"

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामा खुर्चीचा हात धरून उठले. नऊ देश केलेला हा माणूस, पण त्या वेळी सरळ उभं राहायलाही त्यांना वेळ लागला.

"नक्षा चूक हाय," ते म्हणाले.

"काय?"

"चूक हाय. म्या जागेवर गेलो न्हाय." आता आवाज थोडा वर आला. "गुडघा दुखत व्हता म्हणून टेबलावर बसून काढला. जुन्या नक्ष्यात मोकळं व्हतं, म्या मोकळं धरलं. ह्या वस्तीत शंभरदा जेवलोय, तरी मोकळं धरलं. लिहून घ्या, ग्रामसेवक. मोजणीदार जागेवर नव्हता."

तुम्हाला कदाचित या वाक्याचं वजन कळणार नाही. मोजणी खात्यात 'टेबलावर मोजणी केली' ही शिवी आहे. मामांनी त्या शब्दावरून दोन कनिष्ठांशी जन्माचं वैर धरलं होतं. तो शब्द ते भर ग्रामसभेत स्वतःच्या नावापुढे लावत होते. मग ते वळले आणि फ्लेक्सच्या गाठी सोडायला लागले. गाठ सुटेना. तेव्हा कुठे माझे पाय सुटले. मी जाऊन दुसऱ्या खांबाची गाठ सोडली. वाडीच्या बाजूने एक चप्पल आली आणि मामांच्या खांद्याला लागून खाली पडली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. फ्लेक्स खाली आला, फौजदाराने सभा तहकूब करायला लावली, आणि माणसं शिव्या देत, पण आपापल्या वाटेने गेली. ठराव झाला नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. वाडीतून येणारं दूध बंद झालं. वाडीची पोरं मामांना बघून तोंड फिरवायला लागली. मामांना त्याहून लागलं ते वेगळंच: एका संध्याकाळी गावातले चार जण हार घेऊन आले, आपल्या बाजूने बोलल्याबद्दल सत्कार करायला. मामांनी हार दारातूनच परत पाठवला, त्यामुळे गावही तुटलं. आत्या चहा ठेवत म्हणाली, "अमेरिकेचे नऊ केले, आता ह्यो दहावा देश. दोघांचाच. बरं झालं, सैपाकघर हाय ह्यात." आत्याचं बोलणं ऐकून मामा एरवी हसले असते.

आणि लिंबाजीकाका बोलेनासे झाले. हॉटेलात यायचे, दुसऱ्या बाकावर बसायचे, चहा प्यायचे आणि जायचे. राग दिसला असता तर मामांनी सोसला असता, पण राग नव्हताच. मामांच्याच नियमाप्रमाणे आता वाटणी करून मोकळं व्हायला हवं होतं. मी तसं त्यांना बोलून दाखवलं, गमतीने. "तू भूगोल शिकव," मामा म्हणाले, आणि आत गेले.

आठव्या दिवशी सकाळी त्यांनी टेप, काठ्या आणि मोजणीचा जुना लाकडी तक्ता घेतला आणि गुडघ्याला पट्टा बांधून गायरानात गेले. मी रविवार म्हणून आलो होतो, मलाही नेलं. लिंबाजीकाका दारात बसले होते. मामांनी काही न बोलता टेपचं एक टोक पुढे केलं. बराच वेळ ते टोक तसंच हवेत राहिलं. मग लिंबाजीकाका उठले आणि त्यांनी ते धरलं, आणि कोपऱ्यापर्यंत चालत गेले.

चौतीस घरं मोजायला तीन रविवार लागले. त्या तीन रविवारांत लिंबाजीकाकांच्या तोंडून आकड्यांखेरीज एक शब्द निघाला नाही. सोजरबाई उंबऱ्यातून बघत राहिल्या. पाणी विचारलं नाही. मामा उन्हात लंगडत होते, प्रत्येक कोपऱ्यावर थांबत होते, आणि ज्या ज्या घरासमोर जात तिथल्या माणसाला पूर्ण नाव विचारून ते घरावर लिहीत होते. गट नकाशावर नावं लिहायची पद्धत नाही, मी म्हटलं. "नसू दे," मामा म्हणाले. एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, हे करून आमची घरं वाचतील का? मामांनी खोटं सांगितलं नाही. "म्हाईत न्हाय," ते म्हणाले. "ठराव पुना यील. पर आता जो कुणी रेघ काढंल, त्याला मोकळं व्हतं असं म्हणता येणार न्हाय."

तिसऱ्या रविवारी, उन्हं कलली तेव्हा, लिंबाजीकाकांच्या ओट्यावर बसून मामांनी नकाशा पुरा केला. हापसा, विहार, लिंबाची झाडं, दोन बोळ, न्हाणी सुद्धा. खाली सह्यांची जागा केली. ही प्रत ते घरं नियमित करण्याच्या अर्जासोबत जोडायला देणार होते. लिंबाजीकाकांनी पेन पुढे केलं, सवयीने, जसं ते आयुष्यभर साहेबांपुढे करत आले होते. इतकी शेतं त्यांनी मोजली, पण कुठल्याच कागदावर त्यांचं नाव नाही. साखळीवाल्याची सही घेत नाहीत.

मामांनी पेन घेतलं नाही. "'मोजणार' म्हणून तू कर," ते म्हणाले.

लिंबाजीकाकांनी पेन तसंच पुढे धरलं.

"कर की. हितं जागेवर कोण ऱ्हातंय? तू का म्या?"

लिंबाजीकाकांनी सही केली, एकेक अक्षर सुटं सुटं काढून. मग मामांनी पेन घेतलं आणि त्याच्या खाली लिहिलं, 'साखळी धरणार', आणि पुढे आपलं संपूर्ण नाव.

लिंबाजीकाकांनी तो कागद हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. दोन वेळा वाचला. आत सोजरबाईंनी स्टो पेटवल्याचा आवाज आला.

"साहेब," ते म्हणाले, आणि तीन आठवड्यांत ते त्यांचं पहिलं बोलणं होतं, "तुमचं अक्षर लई बिघडलंय."

"हात कापतूय आता," मामा म्हणाले.